एआयचं चित्र, चित्रकाराचं काम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्नपत्रिकेपासून पुस्तकाच्या मुखपृष्ठापर्यंत आणि गणेशोत्सवाच्या बॅनरपासून दिवाळी अंकातल्या चित्रांपर्यंत एआयने केलेली चित्रं आता सगळीकडे दिसतात. त्यांच्याबद्दलची मतंही तितकीच पसरली आहेत. कुणी म्हणतं, चित्रकारांचे दिवस भरले. कुणी म्हणतं, चार दिवसांचं फॅड आहे, ओसरेल. ‘एआयवर पाच मिनिटांत होतं, मग इतके पैसे कशाचे?’ हा प्रश्न तर प्रत्येक डिझायनरच्या कानावर पडलेला आहे.

यातली बरीच मतं अर्धवट माहितीवर उभी आहेत, आणि तिची किंमत मोजावी लागते ती काम करणाऱ्या माणसाला. त्याचा दर पडतो, त्याचा हक्क हातचा जातो, किंवा नको त्या भीतीने तो नव्या साधनाला हातच लावत नाही. म्हणून सर्रास ऐकू येणारे काही समज एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १: एआय कला २०२२ मध्ये अचानक अवतरली.

२०२२ हे वर्ष महत्त्वाचं आहेच. एप्रिलमध्ये डॅल-ई २, जुलैमध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं मिडजर्नी आणि ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन, अशी तीन साधनं त्या एका वर्षात आली. पण यंत्राकडून चित्र काढून घेण्याचे प्रयत्न त्याच्या पन्नास वर्षं आधीपासून चालू होते. हॅरॉल्ड कोहेन या ब्रिटिश चित्रकाराने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात ‘आरोन’ नावाची प्रणाली लिहायला घेतली आणि २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तिच्यावर काम करत राहिला. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी एकमेकांशी स्पर्धा करत शिकणाऱ्या दोन न्यूरल नेटवर्कची पद्धत मांडली. त्या पद्धतीने केलेलं ‘एडमंड द बेलामी’ हे चित्र ऑक्टोबर २०१८ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ४,३२,५०० डॉलरना विकलं गेलं.

‘आरोन’ ही प्रणाली कोहेनने स्वतः लिहिलेल्या नियमांवर चालायची. आजची मॉडेलं कोट्यवधी माणसांनी काढलेल्या चित्रांवर आणि छायाचित्रांवर शिकलेली आहेत. यंत्र चित्र काढतं यात नवल उरलेलं नाही. ते कुणाच्या कामावर शिकलं, हा मुद्दा नवा आहे आणि पुढचे बहुतेक वाद तिथूनच निघाले आहेत.

गैरसमज २: एआय नेटवरची चित्रं कापून, चिकटवून नवं चित्र बनवतं.

प्रक्रिया वेगळी आहे. शिकवताना मॉडेलला एक चित्र आणि त्याचं वर्णन देतात. त्या चित्रावर टप्प्याटप्प्याने दाणेदार गोंगाट चढवला जातो, इतका की शेवटी नुसते ठिपके उरतात. प्रत्येक टप्प्यावर किती गोंगाट मिसळला गेला, याचा अंदाज बांधायला मॉडेल शिकतं. चित्र तयार करताना हाच प्रवास उलटा होतो. सुरुवात निव्वळ ठिपक्यांपासून होते आणि आपण लिहिलेल्या शब्दांच्या रोखाने गोंगाट काढत काढत आकार उमटत जातो.

आकडे पाहिले की हे पटतं. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या लायन-५बी या संचात चित्र आणि मजकूर यांच्या ५८५ कोटी जोड्यांची नोंद होती. त्यातल्या इंग्रजी वर्णनांच्या दोनशे कोटींहून अधिक जोड्यांच्या भागावर स्टेबल डिफ्यूजनची पहिली आवृत्ती शिकली, आणि तयार मॉडेलची फाइल भरली जेमतेम चार गिगाबाइट. एका चित्राच्या वाट्याला दोन-एक बाइट येतात. एवढ्या जागेत चित्र साठवता येत नाही.

पण म्हणून ‘एआय कधीच नक्कल करत नाही’ असं म्हणणंही चूक आहे. संशोधकांनी २०२३ मध्ये स्टेबल डिफ्यूजनच्या शिकवणीतली सर्वाधिक वेळा आलेली साडेतीन लाख चित्रं निवडली, त्यांची वर्णनं मॉडेलला दिली, आणि सुमारे शंभर चित्रं जवळजवळ जशीच्या तशी बाहेर आली. प्रमाण कमी असलं तरी शून्य नाही. जे चित्र शिकवणीत पुन्हा पुन्हा आलं, ते घोकलं जाण्याचा धोका जास्त. त्यामुळे गिऱ्हाइकाला लोगो किंवा मुखपृष्ठ देण्याआधी उलट चित्रशोध करून पाहणं हे डिझायनरचं काम आहे. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नसतं.

गैरसमज ३: एक ओळ लिहिली की काम झालं.

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट फेअरमध्ये जेसन ॲलन यांच्या मिडजर्नीवर केलेल्या चित्राला डिजिटल कला विभागात पहिलं बक्षीस मिळालं आणि मोठा गदारोळ झाला. एक बटण दाबून बक्षीस घेतलं, असा सूर होता. ॲलन यांच्या सांगण्यानुसार त्यांनी किमान ६२४ वेळा सूचना बदलून पाहिली होती आणि नंतर फोटोशॉपमध्येही काम केलं होतं. त्या चित्राला कला म्हणायचं की नाही, हा वाद बाजूला ठेवू. पण एका ओळीत ते झालं नव्हतं, एवढं नक्की.

आपल्याकडच्या छपाईच्या कामात तर अडचण आणखी ठळक दिसते. समजा, मॉडेलने १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं चित्र दिलं. ऑफसेट छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर ते चित्र कागदावर सव्वातीन ते साडेतीन इंचांपर्यंतच नीट छापता येतं. तेच दहा फूट रुंद फ्लेक्सवर ताणलं, तर इंचाला जेमतेम साडेआठ पिक्सेल येतात. मोठं करण्यासाठी वेगळी साधनं आहेत, पण ती वापरताना चेहऱ्याची ठेवण बिघडली का, दागिन्यांचे मणी एकमेकांत विरघळले का, हे बघायला माणूस लागतो. त्यानंतर पडद्यावरच्या रंगांचं छपाईच्या चार रंगांत रूपांतर, कटिंगसाठी कडेला सोडायची जागा, लोगो असेल तर तो व्हेक्टरमध्ये पुन्हा काढणं, ही सगळी कामं डीटीपीच्या टेबलावर आजही तशीच उभी असतात.

आणि मजकूर! मॉडेल अक्षर जुळवत नाही, अक्षराचं चित्र काढतं. संगणकावर आपण ‘कि’ टाइप करतो, तेव्हा फॉन्ट आणि त्यामागची प्रणाली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवते. रफार कुठे बसायचा, ‘ऱ्या’मधला र कसा दिसायचा, ‘श्र’ कसा जुळायचा, याचे नियम फॉन्टमध्ये लिहिलेले असतात. मॉडेलकडे हे नियम नाहीत. त्याने पाहिलेल्या आकारांवरून ते अंदाज बांधतं. नवी मॉडेलं छोटे शब्द पूर्वीपेक्षा बरे लिहितात, पण ‘स्नेहभोजन’, ‘कार्यवाह’, ‘आशीर्वाद’ असे जोडाक्षरांचे शब्द आले की कुठे काना लोंबकळतो, कुठे रफार शेजारच्या अक्षरावर जातो.

म्हणून जाणकार डिझायनरने चित्र एआयकडून घेतलं, तरी तो त्यात मजकुराची जागा मोकळी ठेवतो आणि अक्षरं स्वतः बसवतो. र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फॉन्ट रेखाटला, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे फॉन्ट सर्वांसाठी खुले केले, त्यामागची देवनागरीच्या वळणांची जाण चित्राच्या मॉडेलमध्ये आपोआप उतरलेली नाही.

गैरसमज ४: हवं ते सांगा, एआय अचूक दाखवतं.

‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या नियतकालिकाने २०२३ मध्ये मिडजर्नीकडून वेगवेगळ्या देशांची तीन हजार चित्रं करून घेतली. ‘भारतीय व्यक्ती’ एवढंच सांगितल्यावर जवळजवळ प्रत्येक वेळी म्हातारा, दाढीवाला पुरुष आला आणि बहुतेकांच्या डोक्यावर पगडी किंवा फेटा होता. शिकवणीत जे जास्त दिसलं, तेच मॉडेलला ‘सर्वसाधारण’ वाटतं.

मराठी नवरीचं चित्र मागितलं तर काय काय तपासावं लागतं, ते पाहा. नऊवारीचा कासोटा मागे खोचलेला आहे की निऱ्यांखाली नुसता घागऱ्याचा घेर आला आहे? नथ मोत्यांची, आपल्या वळणाची आहे की साखळीने केसांना अडकवलेली मोठी गोल कडी आहे? कपाळावर मुंडावळ्या आहेत की मांगटीका? हातात हिरवा चुडा आहे का? बारकाईने सूचना लिहिली तर चित्र सुधारतं. पण सूचना लिहिण्यासाठी आधी हे माहीत असावं लागतं आणि चूक झाली की ती दिसावीही लागते.

वारली शैलीच्या चित्रांत हा प्रश्न आणखी खोल जातो. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, त्रिकोणांची माणसं, एवढं मॉडेल सहज उचलतं. पण लग्नाच्या वेळी भिंतीवर काढला जाणारा देवचौक आणि त्यातली पालघाट देवी हा विधीचा भाग आहे. तारपा नाचात माणसं हातात हात गुंफून वादकाभोवती उलगडत जातात आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. नाचाच्या त्या ओळीला सुरुवात असते, शेवट असतो, दिशा असते. हे ज्याला ठाऊक नाही, तो माणसांची बंद गोल रिंगण-नक्षी पाहून खूश होतो आणि तिला वारली म्हणून कापडावर छापतो. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगापुढे नेली, तेव्हा तिच्यातलं जगणंही सोबत नेलं. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या नावामागे एक समाज आणि त्याची भूमी उभी आहे. ते नाव लावून यंत्राची नक्षी विकणाऱ्याने आधी याचा विचार करायला हवा.

गैरसमज ५: नेटवर आहे म्हणजे फुकट आहे.

मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या नव्या चित्रसोयीमुळे घराघरांतले फोटो ‘स्टुडिओ जिबली’ या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या धाटणीत रंगले. तेव्हापासून ‘शैलीवर कुणाचाच हक्क नसतो’ हे वाक्य फार ऐकू येतं. त्यातला कायद्याचा भाग बरोबर आहे. कॉपीराइट कल्पनेला किंवा शैलीला मिळत नाही, तिच्या प्रत्यक्ष आविष्काराला मिळतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं आहे.

पण शैलीचं अनुकरण ही एक गोष्ट आणि मॉडेलला शिकवण्यासाठी चित्रांच्या प्रती करणं ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीवर न्यायालयांत झगडा चालू आहे. सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या चित्रकारांनी जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत दावा लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीशांनी त्यातला कॉपीराइटचा मुद्दा पुढे चालवायला परवानगी दिली. ब्रिटनमध्ये गेटी इमेजेस या छायाचित्रसंस्थेने स्टेबल डिफ्यूजनच्या स्टॅबिलिटी एआय या कंपनीवर लावलेल्या दाव्याचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये बहुतांशी कंपनीच्या बाजूने लागला. मॉडेल ही चित्रांची बेकायदा प्रत ठरत नाही, असं त्या न्यायालयाने म्हटलं. भारतात केंद्र सरकारच्या उद्योग प्रोत्साहन आणि अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एक प्रस्ताव मांडला. त्यानुसार एआय कंपन्यांना शिकवणीसाठी सक्तीचा परवाना मिळेल आणि त्याबदल्यात निर्मात्यांना रॉयल्टी द्यावी लागेल. म्हणजे कलावंताला नकार देता येणार नाही, पण मोबदला मागता येईल. हे पुरेसं आहे का, यावर चित्रकारांनीच आवाज उठवायला हवा, कारण त्यांच्या वतीने बोलणारे इतर फार थोडे आहेत.

गैरसमज ६: सूचना मी लिहिली, म्हणजे चित्राचे सगळे हक्क माझे.

अमेरिकेत याचं उत्तर बरंच स्पष्ट झालं आहे. क्रिस काष्टानोवा यांच्या ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेबाबत तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये असा निर्णय दिला की मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण आहे, मिडजर्नीने केलेल्या चित्रांना नाही. ॲलन यांचा अर्जही फेटाळला गेला. कॉपीराइटसाठी निर्माता माणूसच असायला हवा, ही भूमिका तिथल्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये थेलर खटल्यात कायम ठेवली.

भारतात चित्र थोडं वेगळं आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारणीभूत ठरलेली व्यक्ती, असं ती सांगते. पण तेव्हा आजच्या एआयचा पत्ता नव्हता. २०२० मध्ये ‘सूर्यास्त’ या चित्रासाठी ‘राघव’ या एआय साधनाची सहनिर्माता म्हणून आपल्या कॉपीराइट कार्यालयाने नोंद केली आणि २०२१ मध्ये ती मागे घेण्याची नोटीस काढली. त्यामुळे ज्या गिऱ्हाइकाला बोधचिन्हाची, पात्राची किंवा कापडावरच्या नक्षीची मालकी पक्की हवी आहे, त्याच्यासाठी निव्वळ एआयचं चित्र हा कच्चा पाया आहे. माणसाने स्वतः रेखाटलेला, बदललेला, रचलेला भाग जितका मोठा, तितका हक्काचा दावा भक्कम.

गैरसमज ७: एआयचं चित्र बघताक्षणी ओळखू येतं.

सहा बोटांचे हात पाहून ओळखण्याचे दिवस गेले. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सन यांच्या एआय प्रतिमेला सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये छायाचित्र म्हणून बक्षीस जाहीर झालं. त्यांनी स्वतःच सत्य सांगून ते नाकारलं. २०२४ मध्ये याच्या बरोबर उलट घडलं. माइल्स ॲस्ट्रे यांनी फ्लेमिंगोचं खरंखुरं छायाचित्र एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवलं आणि ते बक्षिसापर्यंत पोचलं. खरं उघड झाल्यावर ते बाद करण्यात आलं. दोन्ही वेळा परीक्षक तज्ज्ञ होते.

म्हणून केवळ डोळ्यांच्या किंवा ओळखयंत्राच्या भरवशावर एखाद्या विद्यार्थ्यावर वा चित्रकारावर ‘हे एआयचं आहे’ असा ठपका ठेवणं अन्यायाचं आहे. खात्रीचा पुरावा प्रक्रियेत असतो: कच्ची रेखाटनं, थरांसकट मूळ फाइल, बदलांचा इतिहास.

गैरसमज ८: चित्रकार संपले. किंवा, काहीच बदलणार नाही.

दोन्ही टोकं चुकीची आहेत. तंत्रामुळे कामं जातात, हे मुंबईने डोळ्यांनी पाहिलं आहे. बाबुराव पेंटरांच्या काळापासून सिनेमाची पोस्टरं हाताने रंगत होती. एम. एफ. हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात सिनेमाची होर्डिंग रंगवली. मग डिजिटल छपाईचं व्हिनाइल आलं आणि होर्डिंग रंगवणाऱ्यांचा अख्खा व्यवसाय उठला. ‘खऱ्या कलावंताला धोका नाही’ असं म्हणून त्या माणसांची वासलात लावणं मला मान्य नाही. ते खरे कलावंत होते.

आज कुठली कामं हलत आहेत, हेही दिसतं आहे. पार्श्वभूमी काढणं किंवा वाढवणं, मूडबोर्ड, स्टोरीबोर्डची कच्ची चित्रं, व्हीएफएक्समधली चौकटीगणिक आकृती कातरून काढायची रोटोस्कोपी. फोटोशॉपमध्ये २०२३ पासून ‘जनरेटिव्ह फिल’ आहे. नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये आलेल्या ‘एल एटर्नाउटा’ या अर्जेंटिनी मालिकेतलं इमारत कोसळण्याचं दृश्य एआयच्या मदतीने केलं.

यातली बरीचशी कामं नवशिक्यांची आहेत, आणि खरी चिंता तीच आहे. स्टुडिओत पहिली दोन-तीन वर्षं हीच किरकोळ कामं करत मुलं प्रकाश, रचना, छपाई आणि गिऱ्हाइकाचा स्वभाव शिकायची. ही पहिली पायरी काढून टाकली, तर दहा वर्षांनी यंत्राच्या चुका पकडणारे जाणते डोळे कुठून येणार? एआय वापरणाऱ्या प्रत्येक स्टुडिओने आणि प्रकाशकाने शिकाऊ माणसं घेत राहणं म्हणूनच गरजेचं आहे. हे उपकाराचं काम नाही, त्यांच्या स्वतःच्या धंद्याची निकड आहे.

मग करायचं काय?

पहिलं, करार लेखी करा. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच व्हावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे कलम चित्रकाराच्या बाजूचं आहे, पण फार थोड्यांना माहीत आहे. ‘हे काम एआय शिकवण्यासाठी वापरता येणार नाही’ अशी ओळ त्यात घाला. दुसरं, कच्ची रेखाटनं आणि थरांच्या फाइली जपून ठेवा. तिसरं, एआय वापरलं असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा. चौथं, शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं ‘ग्लेझ’ हे मोफत साधन चित्र नेटवर टाकण्याआधी पिक्सेलमध्ये सूक्ष्म बदल करून शैलीची नक्कल अवघड करतं. ते अभेद्य कवच नाही, पण उपयोगी आहे. आणि पाचवं, एकत्र या. हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला आणि एआयच्या वापरावरच्या अटी करारात लिहून घेतल्या. त्या अटी एकट्यादुकट्याला मिळाल्या नसत्या.

काम देणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. पाच मिनिटांत चित्र मिळतं, हे खरं. पण ते चित्र तुमच्या कामाचं आहे का, कुणाच्या चित्राची नक्कल तर नाही ना, त्यावरचं मराठी शुद्ध आहे का, ते नीट छापलं जाईल का आणि उद्या त्याचा हक्क सांगता येईल का, या प्रश्नांची उत्तरं देऊन खाली स्वतःचं नाव घालणारा माणूस अजूनही चित्रकार किंवा डिझायनरच आहे. पैसे त्या जबाबदारीचे आहेत आणि ते पूर्ण द्यायला हवेत.